भरपाई कुणाला, अभय कुणाला?





नोकरीचे कॉन्ट्रॅक्ट, घरभाड्याचा करार, मुलांच्या समर कॅम्पचा फॉर्म, जिमची मेंबरशिप. आपण दर वर्षी अशा कितीतरी कागदांवर न वाचता सही करतो. त्यांतल्या बहुतेकांत बारीक टायपात एक वाक्य असते: 'इंडेम्निफाय अँड होल्ड हार्मलेस'. काही बरेवाईट झाले तर समोरच्या पक्षाला त्याची तोशीस लागू देणार नाही, असे आपण त्यात लिहून देत असतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही तोच आहे: ज्याला इजा झालेली नाही असा. दुसरा शब्द आहे काँपेन्सेशन. त्याच्या मुळाशी तराजू आहे. एका पारड्यात नुकसान, दुसऱ्या पारड्यात पैसे, आणि काटा मध्ये आणायचा.

मराठीत आपण दोन्हींना 'नुकसानभरपाई' म्हणून मोकळे होतो. कायदा मात्र फरक करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ७३ हे करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचे आहे, आणि कलम १२४ हे दुसऱ्याचे नुकसान आपण सोसू अशा हमीचे. या दुसऱ्या प्रकाराला आपल्या जुन्या दप्तरांत एक चांगला शब्द सापडतो: अभयपत्र. सत्ता एखाद्याला लिहून देत असे की तू निर्धास्त राहा, तुला उपद्रव होणार नाही.

माझे म्हणणे असे आहे की आज जगात 'भरपाई' म्हणून जे दिले जाते त्यातले बरेचसे प्रत्यक्षात अभयपत्राची किंमत असते. ज्याचे नुकसान झाले त्याचे पारडे भरतेच असे नाही. पैसे देणारा मात्र निर्धास्त होतो. आणि हा व्यवहार आपल्यासारखी शिकलीसवरलेली, आकडेमोड जाणणारी माणसे सहज गिळतात, याची मला जास्त चिंता वाटते.

आपल्या गटांत जेवणानंतर भोपाळचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "अहो, पण पैसे मिळाले ना त्यांना? सुप्रीम कोर्टाने तडजोड मान्य केली होती. चाळीस वर्षे झाली, अजून किती उगाळायचे?" म्हणणारा वाईट नसतो. त्याला खरेच वाटते की पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला. म्हणून तो हिशेबच एकदा मांडून पाहू.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री, ३ तारीख उजाडण्यापूर्वी, युनियन कार्बाइडच्या भोपाळमधल्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. गरीब, विखुरलेली, निरक्षर माणसे अमेरिकन कंपनीशी एकेकटी कशी लढणार, हा त्यामागचा विचार. विचार समजण्यासारखा होता. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्यांची फुप्फुसे जळली ते स्वतःच्याच खटल्यात पक्षकार उरले नाहीत. सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मागणीचा साधारण सातवा हिस्सा. ज्यांच्या नावाने ती झाली त्यांना कुणी विचारले नाही.

४७ कोटी डॉलर म्हणजे त्या वेळचे सुमारे ७१५ कोटी रुपये. तडजोड करताना मृतांची संख्या ३,००० च्या आसपास धरली होती. पुढे दावे तपासणाऱ्या न्यायाधिकरणांनीच पाच हजारांहून अधिक मृत्यू मान्य केले. जखमी धरून मान्य झालेल्या दाव्यांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात गेली. ७१५ कोटींना पावणेसहा लाखांनी भागा. माणशी साडेबारा हजार रुपये येतात, आणि यात मृतही आले.

कुणी म्हणेल, प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त मिळाले. खरे आहे. बहुसंख्य जखमींना आधी २५ हजार आणि २००४ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर साधारण तेवढेच आणखी मिळाले. हे जास्तीचे पैसे आले कुठून? रक्कम वाटपाविना पडून होती, तिच्यावर व्याज चढले आणि डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला. म्हणजे पीडित रांगेत उभे राहिले त्या वर्षांची ती कमाई आहे. शिवाय १९९० पासून दरमहा २०० रुपयांची जी अंतरिम मदत मिळत होती, ती अंतिम रकमेतून वजा झाली. आणि दुसरीकडे? युनियन कार्बाइडने १९८८ च्या हिशेबात भोपाळपोटी जो बोजा दाखवला तो शेअरमागे ४३ सेंट होता. त्या वर्षी शेअरमागे नफा चार डॉलरहून अधिक होता.

आता कोणत्याही भरपाईला विचारावेत असे तीन प्रश्न घेतो. नुकसान कुणाचे झाले हे कोण ठरवतो? ते कशाने मोजतो? आणि पैसे दिल्यावर नेमके काय मिटते?

पहिला प्रश्न जुना आहे. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. त्या काळच्या ब्रिटिश सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के एवढी ही रक्कम. ती मिळाली मालकांना, कारण कायद्याच्या नजरेत 'मालमत्ता' त्यांची गेली होती. ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक पेनीही मिळाली नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी काही वर्षे त्याच मालकांकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला. म्हणजे त्याआधीच्या काळात लंडनला गेलेल्या आणि तिथे टॅक्स भरणाऱ्या आपल्या मित्रांनीही गुलामांच्या मालकांच्या भरपाईला हातभार लावला आहे.

मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या वाट्याला यातले वीस लाख पौंडांहून अधिक आले. मोकळे झालेले गुलाम मळ्यांवर राहायला तयार नव्हते. मग हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली माणसेही होती. मॉरिशसमधले आपले मराठी बांधव त्यांचेच वंशज. त्यांच्या पणजोबांना बोटीत बसवणाऱ्या व्यवस्थेच्या मागे ही भरपाई उभी होती.

हैतीचे उदाहरण याहून निर्लज्ज आहे. गुलामांनी बंड करून स्वातंत्र्य मिळवले. १८२५ मध्ये फ्रान्सने बंदरात युद्धनौका आणून उभ्या केल्या आणि स्वातंत्र्य मान्य करण्याच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. कारण काय, तर फ्रेंच मालकांचे मळे आणि गुलाम गेले! त्या मागणीला दिलेले नाव होते इंडेम्निटी. पुढे ती ९ कोटींवर आली. ती फेडायला काढलेल्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या देशाच्या मानेवर होते.

हे सगळे जुन्या काळातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या महाराष्ट्रात या. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची पद्धत २००६ च्या सुमारास सुरू झाली. त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे. आता बटईने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे काय? बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेल्याचे काय? सातबाऱ्यावर जिचे नाव नाही अशी शेतकरी बाई गेली तर? आत्महत्या तीच, वीष तेच, पण कागदावर शेरा 'अपात्र'. १८३३ च्या लंडनमध्ये आणि आपल्या तहसील कचेरीत एक गोष्ट समान आहे: ज्याच्या नावावर काही होते त्याचेच काही गेले असे धरले जाते.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. आपल्यापैकी जे विमाक्षेत्रात आहेत त्यांना 'प्रिन्सिपल ऑफ इंडेम्निटी' पाठ असते. नुकसान होण्यापूर्वी माणूस जिथे होता तिथे त्याला परत आणायचे, त्याच्या वरही नाही आणि खालीही नाही. गाडीला आणि गोदामाला हे तत्त्व छान लागू पडते. माणसाला लावले की त्याचा अर्थ असा होतो: श्रीमंताच्या मृत्यूने जास्त नुकसान, गरिबाच्या मृत्यूने कमी, आणि जिला पगार नाही तिच्या मृत्यूने जवळजवळ शून्य.

हा अतिशयोक्त आरोप नाही. भारताच्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली जे दुसरे परिशिष्ट घातले त्यात ज्यांना उत्पन्न नाही अशांचे काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५ हजार रुपये धरले होते. आणि गृहिणीचे? नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. दोन घरांतल्या दोन बायका सारखाच स्वयंपाक करतात, सारखीच मुले वाढवतात, म्हाताऱ्या सासऱ्याचे सारखेच करतात. पण एकीचा नवरा बँकेत मॅनेजर आणि दुसरीचा शिपाई, म्हणून एकीच्या जिवाची किंमत दुसरीच्या कित्येक पट. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये या सूत्रावर कडक ताशेरे ओढले, पण परिशिष्ट त्यानंतरही बरीच वर्षे कायद्यात राहिले.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी भारताला हसण्याचे कारण नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काँग्रेसने मृतांच्या वारसांसाठी निधी उभारला. केनेथ फाइनबर्ग यांनी तो सांभाळला. मोजमाप उत्पन्नावर होते. परिणामी एका मृत्यूसाठी सर्वांत कमी रक्कम अडीच लाख डॉलर आणि सर्वांत जास्त सत्तर लाखांहून अधिक. एकाच इमारतीत, एकाच सकाळी गेलेली माणसे ही. हे काम संपल्यावर फाइनबर्ग यांनी पुस्तक लिहिले आणि त्यात स्पष्ट म्हटले की पुन्हा कधी असा निधी काढायची वेळ आली तर सगळ्यांना सारखी रक्कम द्यावी. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या २००७ च्या हत्याकांडानंतर जमलेल्या निधीचे वाटप त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी प्रत्येक मृताच्या कुटुंबाला सारखीच रक्कम दिली. विद्यार्थी असो वा प्राध्यापक. हजारो कुटुंबांचे हिशेब स्वतः तपासलेला माणूस ज्या निष्कर्षाला आला, तो आपण निदान विचारात घ्यावा.

इथे एक सात्त्विक आक्षेप येतो. "माणसाच्या जिवाची किंमत पैशात करायचीच कशी? जीव अमूल्य आहे." ऐकायला छान वाटते. पण 'अमूल्य' हा शब्द कोण, कुणाबद्दल, केव्हा वापरतो ते पाहा. ज्यांना द्यायचे असते त्यांना तो सोयीचा असतो. जीव अमूल्य म्हटले की मग हिशेब मागणारा लोभी ठरतो, आणि मंत्रिमहोदय जे देतील ते 'सानुग्रह अनुदान' म्हणून हात जोडून घ्यायचे. सानुग्रह! म्हणजे कृपा म्हणून. हक्काचा दावा तिथेच संपला. आपला स्वतःचा टर्म लाइफ इन्शुरन्स काढताना आपण कुणी जीव अमूल्य म्हणून फॉर्म कोरा सोडत नाही. शून्ये मोजून लिहितो. मग दुसऱ्याच्या जिवाच्या वेळीच तत्त्वज्ञान का आठवते?

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे आणि आपल्या एमबीए मित्रांचा आवडता आहे. "भारतात राहणीमान स्वस्त, पगार कमी, मग भरपाई अमेरिकेच्या मापाने कशी देणार? असे केले तर उद्योग येणारच नाहीत." याला उत्तर देताना मी भावनेचा आधार घेणार नाही, त्यांच्याच शास्त्राचा घेतो. किंमत हा संदेश असतो, असे तुम्हीच शिकवता ना? भोपाळच्या कारखान्यात वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ च्या जूनपासून बंद होती. गळालेला वायू जाळून टाकणारी ज्वाला-मनोऱ्याची यंत्रणा दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर त्या रात्री जेमतेम उपयोगी पडला. देखभालीवरचा खर्च वाचवणे हा एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाच्या एका पारड्यात अपघाताची संभाव्य किंमत असते. भोपाळच्या वस्तीतल्या माणसाचा जीव जितका स्वस्त, तितके ते पारडे हलके. स्वस्त भरपाई ही अपघातानंतरची गोष्ट नाही; ती अपघाताच्या आधीपासून कारखान्यात हजर असते.

आणि हे मी नवे सांगत नाही. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती भगवती सरन्यायाधीश असताना, दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या. धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर संपूर्ण दायित्व असेल, तिथे कोणतीही सबब चालणार नाही. आणि भरपाई ही उद्योगाच्या आकाराच्या आणि ऐपतीच्या प्रमाणात असेल, म्हणजे तिचा धाक वाटेल. पीडिताच्या दारिद्र्याच्या प्रमाणात नव्हे! जगातल्या कोणत्याही कोर्टाला अभिमान वाटावा असे हे तत्त्व. ते भोपाळ डोळ्यांसमोर ठेवूनच घडवले गेले असे अनेकांना वाटले. आणि सव्वादोन वर्षांनी भोपाळची तडजोड झाली तेव्हा ते बाजूला राहिले.

जून २०१० हा महिना मला म्हणूनच विसरता येत नाही. ७ जूनला भोपाळच्या कोर्टाने युनियन कार्बाइड इंडियाच्या माजी अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा सुनावली. घटनेनंतर साडेपंचवीस वर्षांनी. त्याच महिन्यात, १६ तारखेला, मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीबद्दल बीपी कंपनीने व्हाइट हाऊसमध्ये बसून २,००० कोटी डॉलरचा निधी बाजूला ठेवायला मान्यता दिली. तिथे अकरा कामगार मेले होते, आणि मच्छीमार व किनाऱ्यावरचे व्यावसायिक यांचा धंदा बुडाला होता. स्फोटाला दोन महिनेही झाले नव्हते. आखातातल्या कोळ्यांना मिळाले ते जास्त होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचा हक्कच होता. मी एवढेच म्हणतो की ठरवले तर मोठी कंपनी दोन महिन्यांत कशी देते ते आपण पाहिले आहे. तेव्हा 'प्रक्रियेला वेळ लागतो' हे कुणी सांगू नये.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: पैसे दिल्यावर मिटते काय? १९८९ च्या तडजोडीने दिवाणी दावे तर मिटवलेच, पण फौजदारी खटलेही रद्द केले. म्हणजे ४७ कोटी डॉलरमध्ये भरपाई आणि अभयपत्र असे दोन्ही. देशभर संताप झाला, आणि १९९१ मध्ये फेरविचार करताना कोर्टाने फौजदारी कारवाई पुन्हा सुरू केली. १९९६ मध्ये आरोपाचे कलमच सौम्य केले गेले, त्यामुळे २०१० ची शिक्षा दोन वर्षांच्या वर जाऊच शकत नव्हती. कंपनीचे तेव्हाचे अमेरिकन प्रमुख वॉरन अँडरसन भारतीय कोर्टापुढे खटल्याला कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ मध्ये ते वारले.

त्याच १९९१ च्या निकालात आणखी एक गोष्ट होती जिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. रक्कम अपुरी पडली तर तूट भारत सरकारने भरावी, आणि पुढे ज्यांच्यात आजार दिसतील त्यांच्यासाठी विम्याची तजवीज करावी. या वाक्याचा अर्थ नीट पाहा. भविष्यातल्या नुकसानीची जबाबदारी कंपनीच्या डोक्यावरून उचलून भारतीय करदात्याच्या डोक्यावर ठेवली गेली. हीच ती शुद्ध, पुस्तकी इंडेम्निटी! पुढे सरकारने कंपनीकडून आणखी पैसे मिळावेत म्हणून क्युरेटिव्ह पिटिशन केले. १४ मार्च २०२३ रोजी घटनापीठाने ते फेटाळले आणि सरकारला सुनावले की तुम्ही ती विमा पॉलिसी कधी काढलीच नाहीत. कोर्टाने सरकारचा घोर निष्काळजीपणा दाखवला, त्यात चूक काही नाही. पण निकालानंतर हात रिकामे कुणाचे राहिले? ज्यांना सरकारने आपल्या पंखाखाली घेतले होते त्यांचेच.

आणि कारखान्याच्या आवारातले विषारी द्रव्य? तिथला सुमारे ३३७ टन साठवलेला कचरा जानेवारी २०२५ मध्ये हलवून पीथमपूरला नेला गेला आणि त्या वर्षी जाळला गेला. चाळीस वर्षांनी. जमिनीत आणि भूजलात जे झिरपले त्याचा हिशेब वायुगळतीच्या तडजोडीत नव्हताच.

आता ११ सप्टेंबरच्या निधीकडे पुन्हा एकदा पाहा. त्याची अट होती की जे पैसे घेतील त्यांनी विमान कंपन्यांवर दावा लावायचा नाही. ९७ टक्के कुटुंबांनी अट मान्य केली. आणि तो कायदा नुसता निधीचा नव्हताच. हल्ल्यानंतर अकराव्या दिवशी सही झालेल्या त्याच कायद्यात विमान कंपन्यांना रोख आणि कर्जहमी मिळून १,५०० कोटी डॉलरचा आधार आणि त्यांच्या दायित्वाला मर्यादा घातलेली होती. कुटुंबांना पैसे मिळाले, आणि भोपाळच्या तुलनेत फार चांगले मिळाले, हे मान्यच. पण अभयपत्र आधी तयार झाले, भरपाईचे नियम नंतर आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

विशाखापट्टणमला मे २०२० मध्ये एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीन वायू गळला. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना एक कोटी रुपये जाहीर केले. आकडा मोठा, आणि त्या कुटुंबांना तो मिळाला याचा आनंदच आहे. पण ते पैसे जाहीर झाले सरकारी तिजोरीतून. कंपनीच्या ताळेबंदाला धक्का बसण्यापूर्वीच लोकांचा राग शांत व्हावा याची ती तजवीज होती. जनतेच्या पैशाने जनतेला भरपाई, यात गुन्हेगार चित्रातून निघून जातो.

मग मागणी काय करायची? मला चार गोष्टी सुचतात.

एक, भरपाई हा हक्क आहे, कृपा नाही. सरकारी ठरावांतून 'सानुग्रह' हा शब्द जावा.

दोन, प्रत्येक मृत्यूला एक समान, भरीव किमान रक्कम असावी. उत्पन्न, शिक्षण, सातबारा काही न पाहता. त्यावर उत्पन्नाचा हिशेब करायचा तर जरूर करा, पण पाया सगळ्यांचा एक. हे अशक्य नाही. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांसाठी सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये दहा लाख रुपये ठरवले, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. तिथे पगाराची स्लिप मागितली नाही. तो न्याय सर्वांना लावा.

तीन, पैसे घेतल्याने फौजदारी गुन्हा मिटता कामा नये, आणि आज न दिसलेल्या आजारावरचा हक्क आजच्या सहीने जाता कामा नये. जे नुकसान अजून झालेलेच नाही त्याची माफी कुणी कुणाला विकू शकत नाही.

चार, ज्यांच्या नावाने तडजोड होते त्यांना विचारल्याशिवाय तडजोड होऊ नये. सरकार पालक म्हणून उभे राहिले तरी पालकाने मुलाचे घर विकताना मुलाला विचारावे.

हे सगळे दिल्लीला आणि वॉशिंग्टनला सांगायचे आहे, आपला काय संबंध, असे कुणाला वाटेल. आपल्यात केमिकल इंजिनिअर आहेत, कॉन्ट्रॅक्ट लिहिणारे वकील आहेत, ॲक्च्युअरी आहेत, रिस्क मॅनेजर आहेत. सेफ्टीच्या बजेटला कात्री लावणाऱ्या मीटिंगमध्ये आपण बसतो. 'होल्ड हार्मलेस'चे वाक्य आपल्याच एखाद्या टेम्प्लेटमधून जाते. आपल्या ४०१(के) मधल्या फंडांत या कंपन्यांचे शेअर असतात आणि शेअरहोल्डरांच्या ठरावांवर आपल्या नावाने दुसरेच कुणीतरी मत देते. भोपाळमध्ये जे झाले ते फक्त राक्षसांनी केले नाही. बरीचशी कामे आपल्यासारख्याच पांढरपेशा, कुटुंबवत्सल, हिशेबात चोख माणसांनी टेबलावर बसून केली.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणाले, "पैसे दिले ना?" तर त्याला जरूर विचारा: कुणी दिले, कुणाच्या खिशातून दिले, आणि त्या बदल्यात काय लिहून घेतले?

या लेखातल्या कुठल्याही मुद्द्याशी मतभेद असतील तर अवश्य लिहा. विशेषतः 'समान किमान रक्कम' या मागणीला विमाक्षेत्रातल्या मंडळींचा विरोध असेल अशी माझी अपेक्षा आहे. त्यांनी आपली आकडेमोड घेऊनच यावे. मात्र येताना भोपाळच्या त्या साडेबारा हजारांचेही गणित सोडवून आणावे.